आश्विनातील पाहुणे : फुलपाखरे व पक्षी कसे पाहावेत, त्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत

भाद्रपद सरत आला की आपल्या जालना जिल्ह्यात पंधरा-वीस दिवस असे येतात, की त्यांची सर वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही दिवसांना येत नाही. आपल्याकडचा पाऊस मुळात बेताचा, सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यावर उगवलेले गवत, टाकळा, तरवड, रुई, बांधावरचा झाडोरा असे सर्व काही या सुमारास एकदमच भरात येते. ऊन अजून तापलेले नसते, सकाळची हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. पावसाळ्यात वाढलेली फुलपाखरे याच दिवसांत रानभर दिसतात. जूनमध्ये आलेला चातक परतीच्या वाटेवर असतो आणि उत्तरेकडचे पक्षी आपल्या तळ्यांवर व शेतांत उतरू लागतात.

संस्थेच्या अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही बऱ्याच वर्षांपासून या दिवसांत रविवारी सकाळी बाहेर पडत आलो आहोत. त्या फेऱ्यांत आम्ही जे शिकलो आणि जेथे चुकलो, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली. आधी कॅमेरा हाती आला आणि पाहणे नंतर आले. त्या काळी छत्तीस फोटोंचा रोल मिळत असे. रोलचे, तो धुण्याचे आणि छापण्याचे पैसे आम्ही वर्गणी काढून जमवले होते. फोटो छापून आले तेव्हा बहुतेकांत फुलपाखरू म्हणजे रुमालावर सांडलेला शाईचा थेंब होता. परंतु खरी फजिती चांगल्या आलेल्या फोटोंनी केली. हे कोठे काढले, कोणत्या दिवशी, फुलपाखरू कोणत्या झुडपावर बसले होते, यातले एकही कोणाला आठवेना. चित्र हाती होते, पण माहिती नव्हती. आज मोबाईलवर एका सकाळी दोनशे फोटो निघतात, आणि तीच फजिती दोनशे पटीने होते.

म्हणून आता आमचा पहिला नियम असा, की पहिली पंधरा मिनिटे मोबाईल खिशात ठेवायचा आणि नुसते पाहायचे.

याचा लाभ कसा होतो त्याचे एक उदाहरण देतो. रुईच्या झुडपांभोवती संथ उडणारे नारिंगी रंगाचे, पंखांच्या टोकाशी काळे व त्यात पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू सर्वांनी पाहिलेले असते. त्यास प्लेन टायगर म्हणतात. रुईच्या पानांवर त्याची अळी वाढते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये तिच्या अंगात साठतात आणि पुढे फुलपाखरातही उतरतात. एकदा ते खाऊन पस्तावलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. म्हणूनच ते इतके निवांत उडते, घाईने पळण्याचे त्यास कारणच नाही. एका रविवारी नववीतल्या एका मुलीने फोटो दाखवला आणि आम्ही मोठ्या खात्रीने "प्लेन टायगर" असे सांगून मोकळे झालो. ती म्हणाली, "सर, याच्या मागच्या पंखावर एकच काळा डाग आहे, तोही वरच्या कडेला. मागच्या रविवारी आपण पंखाच्या मध्यावर तीन-चार मोजले होते." आम्ही फोटो मोठा करून पाहिला. मुलीचे म्हणणे बरोबर होते. ती डॅनेड एगफ्लाय या वेगळ्याच फुलपाखराची मादी होती. ती स्वतः विषारी नसते, परंतु प्लेन टायगरचा वेश घेऊन त्याच्या दराऱ्यावर निभावून नेते. तिचा नर मात्र काळा, त्यावर मोठे पांढरे ठिपके आणि ठिपक्यांच्या कडेने जांभळट निळी झाक. दोघे जोडपे आहेत हे सांगूनही पटू नये! अशा वेशांतराचा उलगडा हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून १८६२ साली मांडला. त्याचा पुरावा आपल्या गावाच्या कडेला रुईवर बसलेला सापडतो.

आता या एगफ्लायची अळी कशावर वाढते? आपण जिची भाजी खातो त्या घोळीवर. पिवळी-पांढरी, भरभर उडणारी एमिग्रंट फुलपाखरे टाकळा, तरवड, बहावा यांवर अंडी घालतात. खुळखुळ्याच्या वाळक्या झाडांवर टायगर जातीचे नर गोळा होऊन सोंडेने काहीतरी शोषताना दिसतात. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी द्रव्ये त्यांना तेथे मिळतात. म्हणजे फुलपाखरू पाहायचे असेल तर आधी झाड ओळखता आले पाहिजे, आणि यांतली बरीचशी झाडे आपण ज्यांना सरसकट तण म्हणतो त्यांपैकीच आहेत.

हे ठाऊक असूनही आम्ही एक चूक केली, ती येथे सांगितली पाहिजे. एका वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमापूर्वी सभागृहामागची मोकळी जागा आम्ही पुढाकार घेऊन साफ करवली. सर्व कापले आणि वर तणनाशक फवारले. जागा आरशासारखी झाली, सर्वांनी कौतुकही केले. पुढच्या रविवारी मुले वही घेऊन तेथे उभी राहिली आणि लिहायला काही नव्हते. आदल्या वर्षी त्याच जागेची पानभर नावे होती. त्या वर्षी जेमतेम तीन ओळी भरल्या. वर्षावासाचा नियम कशामुळे घालून दिला गेला हे आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले की कोवळे गवत व लहान जीव तुडवले जातात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरट्यात राहतात, अशी लोकांची तक्रार होती, असे विनयपिटकात आले आहे. तो वर्षावास संपत असतानाच आम्ही हे करून बसलो होतो.

विषय कार्यकारिणीत निघाला तेव्हा एकमत झाले नाही. साप-विंचवाची भीती खरी आहे, लहान मुले तेथे खेळतात, डासही होतात, असे भगिनींचे म्हणणे पडले, आणि ते खोडून काढण्यासारखे नव्हते. अखेर मैदान स्वच्छ ठेवावे, भिंतीच्या कडेने मात्र आठ-दहा फुटांचा पट्टा राखावा, त्यातले गाजरगवत तेवढे फुलण्याआधी उपटावे आणि फवारणी करू नये, असे ठरले. त्या पट्ट्यावरून अजूनही कुरबूर होते. पण रुई परत आली आहे आणि तिच्या मागोमाग प्लेन टायगरही.

शेतकऱ्यांशी हा विषय बोलणे याहून अवघड आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मोसंबीच्या कोवळ्या नवतीवर लिंबावरचे फुलपाखरू अंडी घालते. त्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. फुलपाखरू देखणे आहे : काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखावर एक विटकरी डाग, शेपटी नाही. अंबडकडच्या एका बागेत आम्ही त्याचे फोटो घेत होतो तेव्हा बागेचे मालक म्हणाले, "गुरुजी, तुम्ही फोटो काढता अन् आम्ही फवारा मारतो. मग खरं कुणाचं?" २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी वाळलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडली, त्यांना आम्ही काय उपदेश करणार? एवढेच म्हणालो, की मामा, रोपे व लहान झाडे असतील तर अळ्या हाताने वेचता येतात. मोठे झाड थोडी पाने गेल्याने मरत नाही. आणि बागेतला कोतवाल पक्षी दिवसभर किडेच टिपत असतो. त्यांनी रोपांवरच्या अळ्या मुलांकडून वेचून घेतल्या. मोठ्या झाडांविषयी त्यांनी शब्द दिला नाही, आणि आम्हीही मागितला नाही.

पक्ष्यांसाठी घाणेवाडीचा तलाव, शहरातला मोती तलाव आणि कुंडलिका-दुधना यांचे काठ सोयीचे आहेत. सुरुवात धोबी पक्ष्यापासून करावी. शेपटी सतत वरखाली हलवत तो चिखलात फिरतो. त्यातला पांढऱ्या चेहऱ्याचा धोबी थंडीचा पाहुणा, आणि काळ्या डोक्यावर ठळक पांढरी भुवई असलेला मोठा धोबी बारमाही इथलाच. हा फरक कळला की "पाहुणे आले" असे उगाच लिहिले जात नाही. तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बसू लागतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियाकडून लवकर येतात. ज्वारी-बाजरीच्या कणसांवर त्यांचे थवे पडत आणि माळ्यावर उभे राहून गोफण चालवावी लागे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आता ज्वारीची जागा कापूस व सोयाबीनने घेतल्यामुळे गोफण माहीत नसलेली मुलेही खेड्यात भेटतात.

डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जालना त्या वेळी त्याच संस्थानात होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी टिपून त्याची कातडी नमुना म्हणून जतन करीत व तिच्या पायाला चिठ्ठी बांधीत. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, हे लिहिलेले असे. चिठ्ठी हरवली की नमुन्याची किंमत गेली. आज जीव न घेता फोटोवर काम भागते ही फार चांगली गोष्ट झाली, मात्र चिठ्ठीवाचून फोटोचीही गत तीच. आमच्या वहीत म्हणूनच पाच रकाने असतात : तारीख व वेळ, ठिकाण, झाड, काय करीत होते, आणि नाव. नाव शेवटी. ते आले नाही तर रकाना कोरा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा २००२ चा 'पक्षिकोश' जवळ असावा.

फोटो काढण्याविषयी थोडे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुलपाखरे पंख उघडून ऊन खात बसतात, तेव्हा ती जवळ येऊ देतात. वाकून, हळूहळू पुढे जावे आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. सावली पडली की ते उडालेच. पंख मिटलेले असतील तर बाजूने, उघडे असतील तर वरून, कॅमेरा पंखांना समांतर धरावा. लहान निळ्या फुलपाखरांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरून पटते, तो फोटो आधी घ्यावा. तुरीच्या फुलांवर घोटाळणारी निळी यात आली. पक्ष्यांसाठी मोबाईल फारसा उपयोगी नाही. एक साधी दुर्बीण चौघांत पुरते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे आम्ही बंद केले आहे, कारण तो खोट्या आवाजाशी भांडत दमतो. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी अनेकदा सप्टेंबरातही नांदती असतात. त्यांचा फोटो काठावरूनच घ्यावा. फोटोसाठी फांदी वाकवणे किंवा शोभेसाठी घरटे तोडून आणणे आमच्या फेरीत चालत नाही. एकदा एका मुलाने "रिकामंच होतं" म्हणून घरटे आणले आणि आत अंडी निघाली. तो मुलगा पुढे आमचा सर्वांत सावध निरीक्षक झाला.

२०२० पासून सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून पाळला जातो, आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. ई-बर्डसारख्या संगणकीय नोंदवहीत आपली यादी घालता येते. पुण्या-मुंबईकडच्या नोंदी तेथे भरपूर आहेत, मराठवाड्याच्या त्या मानाने थोड्या. जाफराबाद, मंठा, घनसावंगी येथील विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या पाझर तलावाची नुसती महिन्याला एक यादी ठेवली तरी ती नवी भर ठरेल.

आश्विनातल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सभागृहाच्या फाटकाशी जमतो. आधी भिंतीकडेचा पट्टा पाहतो, मग तलावाकडे निघतो. येताना वही, पेन्सिल, टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. कॅमेरा असलाच पाहिजे असे नाही.