थंडीच्या दिवसांत घरांतील माशा



दिवाळी सरली, भाताची मळणी झाली, आणि करवीर व पन्हाळा या तालुक्यांच्या शिवारांत गुऱ्हाळांचा धूर दिसूं लागला, म्हणजे आपल्या घरांत माशांचा मुक्काम वाढतो. पावसाळ्यांतही माशा असतातच. परंतु त्या गोठ्यांत, अंगणांत व वाटेवर विखुरलेल्या असतात. गारठा पडतांच त्या उबेला आंत येतात. सायंकाळीं दिवा लावून वर पाहावें, तों वाशांवर, शिंक्याच्या दोऱ्यांवर व वाळवणाच्या दोरीवर त्यांच्या काळ्या रांगा बसलेल्या दिसतात. "थंडीची माशी आहे, ऊन तापलें कीं आपोआप जाईल," असें पुष्कळ लोक म्हणतात. हा समज खोटा आहे, आणि त्याचें फळ आपल्या लेंकरांस भोगावें लागतें. म्हणून आज या विषयाचा नीट विचार करूं.

१. ही माशी कोठून येते?

इंग्लंड, अमेरिका इत्यादि थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडीं घोळक्या-घोळक्यानें घरांत शिरणारी एक निराळीच माशी आहे. तिच्या अळ्या जमिनींतील गांडुळांवर वाढतात. ती केवळ थंडीपासून आसरा घेण्यास माळ्यावर येते, रोग पसरवीत नाहीं, आणि वसंत ऋतु आला म्हणजे बाहेर निघून जाते. तेथील लोक भिंतींच्या व खिडक्यांच्या फटी बुजवितात, तेवढ्यानें त्यांचें बरेंचसें काम भागतें.

आपल्याकडील घरमाशी तशी नव्हे. ती दूर शेतांतून आलेली पाहुणी नसून आपल्याच परड्यांत जन्मलेली आहे. मादी एका वेळीं सुमारें शंभर ते दीडशें अंडीं घालते, आणि असें ती आयुष्यांत चार-पांच वेळां करते. ओलें शेण, उकिरडा, उघड्यावरची विष्ठा व कुजकें खरकटें हीं तिचीं आवडतीं ठिकाणें होत. एका दिवसाच्या आंत अंड्यांतून अळी निघते. पुरी वाढलेली अळी कोरडी जागा शोधून कोश करते, व कोशांतून माशी बाहेर पडते. उष्ण दिवसांत हें सर्व आठ-दहा दिवसांत होतें. थंडींत हाच काळ दुप्पट किंवा त्याहूनही लांबतो. तरी उकिरड्याच्या पोटांत आंबण्यामुळें ऊब असते, म्हणून तेथें वाढ अगदींच थांबत नाहीं. थंडींत उरलेल्या याच माशा पुढें उन्हाळ्यांतल्या झुंडीच्या माता होतात. सारांश, घरांतील माशी मारणें हें निम्में काम. ती जेथें जन्मते तेथें जाणें हें खरें काम.

२. ती काय अपाय करते?

माशीला दांत नाहींत. घट्ट पदार्थ तिला खातां येत नाहीं, म्हणून ती आपल्या पोटांतील रस त्यावर ओकते व विरघळलेला भाग चोखून घेते. ती पायांनीं चव घेते, म्हणून जेथें बसेल तेथें आधीं पाय घोळते. आतां जी माशी घटकेपूर्वीं विष्ठेवर बसली होती, तीच बाळाच्या वाटींतील पेजेवर बसली, तर काय होईल हें सांगावयास नको. हगवण, आमांश, पटकी, विषमज्वर व डोळ्यांच्या खुपऱ्या यांचे जंतू ती अशा रीतीनें वाहून नेते.

ही केवळ कल्पना नव्हे. पाकिस्तानांतील सहा खेड्यांत केलेल्या एका प्रयोगाची हकीकत १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. तेथें माशा आटोक्यांत आणल्यावर लहान मुलांचें हगवणीचें प्रमाण शेंकडा सुमारें २३नें कमी झालें. पाणी, घरें व माणसें तींच होतीं.

गेल्या पौषांत एका घरीं असें पाहिलें, कीं भाकरीची बुट्टी फडक्यानें नीट झांकली होती, दूध शिंक्यावर टांगलें होतें, परंतु पाळण्यांतील लेंकराच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत चार माशा बसल्या होत्या आणि त्या कोणी हाकलीत नव्हते. आपण अन्नाची जितकी काळजी घेतों तितकी तरी निजलेल्या मुलाची घ्यावी.

३. गुऱ्हाळाची जबाबदारी

कोल्हापूरच्या गुळाचा लौकिक जुना आहे. या व्यापारासाठीं शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी पेठ वसविली, आणि २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक चिन्हांकनाची नोंद मिळाली. अशा गुळाच्या वाफ्यावर माशा घोंगावत असाव्या हें शोभत नाहीं.

नुसत्या गोडावर माशी पुष्कळ दिवस जगते. परंतु अंडीं धरण्यास तिला शेण, विष्ठा, दूध यांसारख्या पदार्थांतील दुसरें सत्त्व लागतें. म्हणून गुऱ्हाळाची मळी आणि बैलांचें शेण जेथें शेजारीं शेजारीं पडतात, तेथें तिचें जेवण व तिच्या पोरांचा पाळणा हीं दोन्ही तिला एकाच ठिकाणीं मिळतात. मळी उघड्यावर न ओततां खड्ड्यांत टाकून वर माती लोटावी. ओलीं चिपाडें साठवूं नयेत, पसरून लवकर वाळवावींत. गूळ निवत असतां वाफ्यावर जाळी किंवा स्वच्छ पातळ कापड आडवें धरावें. काहील व रसाचीं भांडीं रोज रात्रीं धुवावींत. गुऱ्हाळावरील मजुरांकरितां आडोशाच्या संडासाची सोय करणें हें मालकाचें काम आहे. तें मजुरांवर सोडूं नये.

४. उकिरडा

(अ) शेण रोज उचलावें. तें जमत नसेल, तर आठवड्यांतून दोनदां तरी गोठा पूर्ण साफ करावा, म्हणजे अळीला कोश करण्यास अवधि मिळणार नाहीं.

(आ) शेणाचा ढीग सैल ठेवूं नये. खड्ड्यांत घट्ट दाबून वर मातीचा थर द्यावा. दाबलेल्या खतांत इतकी उष्णता उत्पन्न होते, कीं आंतील अळ्या मरतात. कडेच्या गार भागांत त्या वांचतात, म्हणून चार-पांच दिवसांनीं कडेचें खत आंत ओढावें. यानें खतही चांगलें कुजतें.

(इ) शेणी पातळ थापून कडक उन्हांत वाळवाव्या. कोरड्या शेणांत अळी वाढत नाहीं.

(ई) ज्यांस शक्य आहे त्यांनीं गोबर वायूचें यंत्र बसवावें. शेण बंद टाकींत जातें, चूल पेटते, आणि खतही हातचें जात नाहीं.

(उ) संडासाच्या खड्ड्यास वायूची नळी असेल, तर तिच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. खड्ड्यांतील माशा उजेडाकडे वर येतात व जाळीखालीं अडकून मरतात.

५. घरांत काय करावें?

थंडींत पहाटे माशा गारठ्यानें बधीर असतात. ऊन येण्यापूर्वीं वासे व दोऱ्या ओल्या फडक्यानें पुसून काढाव्या, आणि सांपडलेल्या माशा चुलींत टाकाव्या. खरकटें झांकून ठेवावें. बाळास सहा महिन्यांपर्यंत अंगावरचेंच दूध द्यावें. त्यावर माशी बसूं शकत नाहीं. औषधाच्या फवाऱ्यावर फार भिस्त ठेवूं नये. डी. डी. टी. निघाल्यावर माशी नाहींशी होईल असें लोकांस वाटलें होतें, परंतु १९४६ सालींच स्वीडन देशांत त्या औषधास दाद न देणाऱ्या माशा आढळल्या.

इतकें करूनही मुलास हगवण लागली, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें घोट घोट पाजीत राहावें, आणि वेळ न दवडितां दवाखान्यांत न्यावें. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलें, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर घटकाभरही थांबूं नये.

६. शेजाऱ्याचा उकिरडा

माशी सहज अर्धा-पाऊण कोस उडते. म्हणून एकट्याचें परडें स्वच्छ होऊन भागत नाहीं, सगळ्या वाडीचें व्हावें लागतें. येथेंच भांडणें होतात. "आधीं त्याला सांगा" असें प्रत्येक जण म्हणतो, आणि खत जेथल्या तेथें राहतें. ज्या उपदेशकास किंवा शिक्षकास हा धडा लोकांपुढें मांडावयाचा असेल, त्यानें आदल्या शनिवारीं आपला उकिरडा झांकावा आणि मग बोलावें. लोक त्याच्या शब्दांपेक्षां त्याचें परडें आधीं पाहतील.

विचारण्याजोगे प्रश्न

१. थंड देशांतील घोळक्याची माशी व आपली घरमाशी यांत काय भेद आहे?
२. थंडींतही उकिरड्यांत अळ्या कां वाढतात?
३. गुऱ्हाळाच्या मळीची व्यवस्था कशी करावी?
४. आठवड्यांतून दोनदां शेण हलविल्यानें काय साधतें?
५. आपल्या घरापासून सर्वांत जवळचा उघडा उकिरडा किती पावलांवर आहे, आणि तो कोणाचा?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें घरीं जाऊन पावलें मोजून आणावें, आणि पुढील सभेंत सांगावें.