घरी ३६ व्होल्टचा सायकल पॅक बनवताना: वेल्डिंगच्या आधीचा आठवडा



व्हिडिओत तुम्ही मला निकेल पट्टीवर स्पॉट वेल्डर टेकवताना पाहिलंत. टक् टक् ठिणग्या उडतात, अर्ध्या तासात पॅक उभा राहतो, बघायला मजा येते. पण पॅक तिथे बनत नाही. तो त्याच्या आधीच्या आठवड्यात बनतो, आणि तो आठवडा व्हिडिओत दाखवता येत नाही. म्हणून आजचा लेख.

मी विकलेला पहिलाच पॅक दोन महिन्यांत परत आला होता. गिऱ्हाईक म्हणजे सायकलवर डबे पोचवणाऱ्या एक ताई. रोजची फेरी २२ किलोमीटरची. मी छातीठोकपणे ३० सांगितले होते आणि सुरुवातीला तेवढे मिळतही होते. मग एक दिवस फोन आला, "दादा, चौदालाच बंद पडते. डबे घेऊन चढाला ढकलत नेली आज." पॅक उघडला. १२ पैकी ११ गट ३.२७ व्होल्टवर अगदी ठणठणीत, आणि सातवा गट २.८ वर. त्या गटातला एक सेल आतल्या आत चार्ज गमावत होता आणि जोडीच्या चांगल्या सेललाही रिकामा करत होता. तो एक गट तळाला गेला की बीएमएस अख्खा पॅक बंद करणार. त्यात बीएमएसची काहीच चूक नाही, त्याचं कामच ते.

चूक माझी होती. सेल आले त्याच दिवशी मल्टिमीटर लावला, सगळे ३.२८ ते ३.२९ दाखवत होते, म्हटलं एकदम जुळलेले आहेत, चला वेल्डिंगला.

आता इथे जरा थांबू, कारण नवीन माणूस नेमका इथेच फसतो. आपण वापरतो ते ३२७०० साइझचे एलएफपी सेल, ३.२ व्होल्ट, ६ एएच. या केमिस्ट्रीची गंमत अशी की साधारण २० टक्के चार्जपासून ९० टक्क्यांपर्यंत तिचं व्होल्टेज जवळपास हलतच नाही. म्हणजे एक सेल पाव भरलेला आणि दुसरा पाऊण भरलेला असला, तरी मीटरवरचा फरक इतका बारीक असतो की तो तुम्ही सोडून देता. लॅपटॉपवाल्या लिथियम-आयन सेलमध्ये व्होल्टेजवरून चार्जचा अंदाज बऱ्यापैकी येतो. एलएफपीमध्ये तोच अंदाज दगा देतो. व्होल्टेज सारखं म्हणून सेल सारखे असं धरून चालू नका.

मग करायचं काय? प्रत्येक सेलवर मार्करने नंबर टाका, १ ते २४. आपला पॅक १२एस२पी आहे, म्हणजे दोन-दोन सेलचे १२ गट एकामागे एक. ३८.४ व्होल्ट, १२ एएच, सुमारे ४६० वॅट-तास. २५० वॅटच्या मोटरला भरपूर झाला. पण खरेदी २४ ची नको, २८ ची करा. चार बाद होतील असं धरूनच चाला.

नंबर टाकले की कपॅसिटी टेस्टर. सेटिंग आधी एलएफपीवर आणा. बरेच टेस्टर चालू करताच ४.२ व्होल्टवर असतात, ते लिथियम-आयनसाठी. एलएफपी सेल ३.६५ च्या वर न्यायचा नाही. चार्ज, डिस्चार्ज आणि पुन्हा चार्ज असा पूर्ण फेरा घ्या. १ अँपिअरने ६ एएचचा सेल नुसता रिकामा व्हायलाच सहा तास लागतात. चार खणांच्या टेस्टरवर २८ सेल म्हणजे सात फेऱ्या, त्यात दोनदा चार्जिंग. पाच-सहा दिवस गेलेच. पण तुम्हाला तिथे बसून राहायचं नाही, येता-जाता सेल बदलायचे आणि आकडा वहीत लिहायचा. सोबत इंटर्नल रेझिस्टन्सही लिहा. माझा नियम साधा आहे: ज्याची कपॅसिटी बाकीच्यांपेक्षा ठळक कमी किंवा रेझिस्टन्स ठळक जास्त, तो बाजूला. त्याचा टॉर्च होईल.

टेस्टरवरून उतरलेले सेल आता सगळे पूर्ण भरलेले आहेत. ते एका लाकडी ट्रेमध्ये, टोकं एकमेकांना लागणार नाहीत असे, आठवडाभर नुसते ठेवून द्या. भरलेला एलएफपी सेल थोड्या वेळात ३.३५ च्या आसपास उतरून तिथेच बसतो. आठवड्याने सगळे तिथे असतील आणि एखादाच त्यांच्या खाली, ३.२९ वगैरे, तर तुमचा गळका सेल सापडला. ताईंच्या पॅकमधला तो सेल मला या ट्रेमध्येच सापडायला हवा होता.

पुढचं काम तुम्ही व्हिडिओत पाहिलंच आहे, म्हणून फक्त जिथे हात चुकतो तेवढंच सांगतो. हातातली अंगठी आणि घड्याळ काढा. सेलच्या प्लस टोकाला बार्ली पेपरची चकती हवीच. निकेल म्हणून मिळणारी पट्टी पुष्कळदा वरून निकेल चढवलेलं लोखंड असते. ग्राइंडरला लावा, ठिणग्यांचा फवारा उडाला तर लोखंड, ती परत करा. ८ मिलीमीटर रुंद आणि ०.१५ जाडीच्या पट्टीतून मी ५ अँपिअरच्या वर जात नाही, आणि चढावर आपला १५ अँपिअरचा कंट्रोलर प्रत्येक सेलमागे साडेसात मागतो. म्हणून सिरीजच्या जोडाला पट्टीचे दोन थर. आणि कृपा करून सेलवर सोल्डरिंगचा इस्त्रीसारखा तापलेला गन टेकवू नका, आतलं सील आणि सेपरेटर दोन्ही भाजतात.

बीएमएसची पॅकच्या मायनसला जाणारी जाड तार आधी. मग १३ बारीक तारा पॅकला जोडायच्या, पण त्यांचा प्लग बीएमएसमध्ये अजून खोचायचा नाही. आधी प्लगच्या शेजारशेजारच्या पिना मीटरने मोजा. बारा रीडिंग, प्रत्येक ३.३ च्या जवळ. कुठे शून्य, कुठे ६.६ किंवा कुठे वजा चिन्ह आलं की तार चुकली. याला दोन मिनिटं लागतात. न मोजता प्लग खोचला तर बीएमएस जळतो आणि वरून ते कळतही नाही.

मग लोड टेस्ट. महागडं यंत्र नको. गाडीचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे हॅलोजन बल्ब, तीन सिरीजमध्ये, अशा दोन माळा पॅकला लावा. साधारण ९ अँपिअर खेचतात आणि सव्वा तासाच्या वर चालतात. शेवटच्या दहा मिनिटांत बारा गटांचं व्होल्टेज लिहीत राहा. एखादा गट बाकीच्यांच्या खूप आधी कोसळत असेल तर पॅक गिऱ्हाइकाकडे जाणार नाही. बल्ब चांगलेच तापतात, फरशीवर ठेवा.

चार्जरची गोष्ट वेगळी सांगतो, कारण तीही माझ्याच घरी घडली. माझ्या स्वतःच्या सायकलला १० सेलचा लिथियम-आयन पॅक होता, चार्जर ४२ व्होल्टचा. गिऱ्हाइकांचे १२ सेलचे एलएफपी, चार्जर ४३.८ चा. दोन्ही पॅक "३६ व्होल्ट" म्हणूनच ओळखले जातात, आणि मी दोघांना एकच पिन लावली होती. एका रात्री घरातल्या कुणीतरी समोर दिसला तो चार्जर लावला. ४३.८ भागिले १० म्हणजे प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्ट. बीएमएसने वेळेत तोडलं म्हणून निभावलं. बीएमएस अडकला असता तर काय, या विचाराने नंतर दोन रात्री झोप नीट लागली नाही. तेव्हापासून दोन केमिस्ट्रींना दोन वेगळे कनेक्टर, आणि पॅकवर चार्जरचा आकडा मोठ्या अक्षरांत.

आता हिशोब, कारण आपला चॅनेल धंद्याचा आहे. तासाचे १५० रुपये धरा. मी ताईंना चार तासांची मजुरी लावली होती, ६०० रुपये, कारण खुर्चीत बसून काम केलेले तास तेवढेच मोजले. खरे तास बघा: नंबर आणि टेस्टरची ये-जा चार, जोडणी चार, वायरिंग आणि मोजणी दोन, लोड टेस्ट दीड. साडेअकरा तास, म्हणजे १७२५. हे आकडे कोटेशनमध्ये दिसत नाहीत म्हणून आपण ते फुकट देतो, आणि फुकट द्यायला जड जातं म्हणून मग तेच काम गाळतो. ताईंचा पॅक उघडून दुरुस्त करण्यात माझे पाच तास, दोन नवे सेल आणि दोन खेपा गेल्या. त्यांचे चार दिवस रिक्षाने डबे पोचवण्यात गेले, तो खर्चही मीच दिला. वहीतला प्रत्येक सेलचा आकडा आणि लोड टेस्टचा कागद आता मी गिऱ्हाइकासमोर ठेवतो. मजुरीवर घासाघीस करणारे निम्मे लोक तो कागद बघून गप्प बसतात.

सुरुवात आपल्या तालुक्यातच करा. लिथियम पॅक वाहतुकीत धोकादायक मालात मोडतो, कपड्यांच्या पार्सलमध्ये घालून कुरिअर करायचा प्रकार नको. आणि हे सगळं २५० वॅट, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, नोंदणी न लागणाऱ्या सायकलपुरतं. ई-स्कूटरच्या पॅकला एआयएस-१५६ चे नियम आहेत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते कडक झाले. घरच्या टेबलावर तो पॅक बनवून विकायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

जुन्या लॅपटॉपचे सेल चालतील का, असं बरेच जण विचारतात. शिकायला चालतील. विकायला नाही.

पॅक देताना मी एकदा घरी जाऊन चार्जिंगची जागा बघतो. ताईंच्या एका खोलीच्या घरात प्लग दाराशेजारीच होता. एलएफपी सहसा पेट घेत नाही, पण घेतलाच तर बाहेर पडायची वाट तीच. पाच मीटर वायर ओढून प्लग मोरीच्या बाजूला, कडाप्प्यावर घेतला. रात्रभर चार्जिंग नाही, संध्याकाळी लावायचं आणि झोपायच्या आधी काढायचं. ३ अँपिअरच्या चार्जरला चार-साडेचार तास पुरतात.

या आठवड्याचा गृहपाठ: २८ सेल आत्ताच मागवू नका. चारच आणा, नंबर टाका, टेस्टरचा पूर्ण फेरा घ्या, आठवडाभर ट्रेमध्ये ठेवा. वहीचं ते पान पुढच्या रविवारच्या बॅचला घेऊन या, बीएमएसच्या तारा तिथे सगळ्यांकडून हाताने जोडून घेणार आहे.