फोन उशाशी नको गं

अगं, परवा तुझ्याकडे राहायला आले होते ना, तेव्हा रात्री अडीचला पाणी प्यायला उठले. तुझ्या खोलीत दिवा नव्हता, पण फोनच्या उजेडात तुझा चेहरा दिसत होता. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ, अंगठा एकसारखा वर सरकतोय. मी काही बोलले नाही. चार वर्षांपूर्वी मी अशीच होते, म्हणून बोलवेना.

हे गेल्यावर घर खायला उठायचं. मग फोन घेऊन बसायचं. सकाळी तीस-चाळीस जणांना शुभ सकाळची फुलं धाडायची आणि कोणाचं उत्तर आलं ते दिवसभर बघत राहायचं. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की लेकाला मेसेज. निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. वाचलं आणि बोलला नाही, म्हणजे आपण नकोसे झालो, असं मी त्या दोन खुणांवरून ठरवून मोकळी व्हायची. रात्रीचं जेवण जायचं नाही. तिकडे न्यू जर्सीत तेव्हा सकाळ असते आणि तो धावतपळत ऑफिसला निघालेला असतो, हे काही डोक्यात यायचं नाही.

शेवटी नातीने व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन 'रीड रिसीट्स' बंद करून दिलं. आता एकेकट्याशी बोलताना मला त्या निळ्या खुणा दिसतच नाहीत. आणि लेकाशी ठरवलं, रविवारी संध्याकाळी तो फोन करणार. आठवड्यातून एकदाच, पण पोटभर बोलतो. त्या अर्ध्या तासाने जे मिळतं, ते दिवसभर फोन हातात धरून मिळत नव्हतं.

रात्रीचं तर फार जपायला हवं. या वयात झोप सावध होते, बाथरूमला उठावं लागतं. पूर्वी आपण परत येऊन पडायचो, डोळा लागायचा. आता हात उशाशी जातो. त्या उजेडाने मेंदूला वाटतं उजाडलं, आणि झोप पळते. त्यात आपण जिथे थबकतो तसलंच ते अ‍ॅप पुढे वाढत राहतं. छातीत दुखण्याचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलास की मागोमाग दहा हजर. मग आपल्याही छातीत धडधडतं. परवा सकाळी तू मला म्हणालीस, 'ताई, हल्ली उगाच भीती वाटते.' ती उगाच नाही गं, रात्रभर तू तीच पाहतेस.

आणि भीतीवरून सांगते. पोलिसाच्या वेशात कोणी व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर सरळ फोन कट कर. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला कळवायचं. लाजेने गप्प बसलेल्या बायकांची झोप कायमची गेलेली मी पाहिली आहे.

फोन टाकून दे असं मी म्हणत नाही. विजेचं बिल, कीर्तन, नातीचं तोंड बघणं, सगळं त्यात आहे. मुलं 'आई, ठेव तो फोन' म्हणून ओरडतात, तेही मला पटत नाही. हातातला फोन काढून घ्यायचा तर त्या जागी माणूस यायला हवा. म्हणून म्हणते, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात जा. पहिले चार दिवस परकं वाटेल, मलाही वाटलं होतं. आणि दोन-तीन आठवडे मन उदासच राहिलं, तर 14416 वर बोल. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डायबेटिसची गोळी घेताना लाजतेस का? मग इथे कशाला?

गजरासाठी फोन जवळ लागतो म्हणालीस. गुरुवारी येताना बाबांचं गजराचं घड्याळ घेऊन येते, दुरुस्त करून आणलंय. तोवर आज रात्री फोन चार्जरसकट स्वयंपाकघरात ठेव, आणि सकाळी मला फोन करून सांग, झोप लागली का ते.