साठीची खीर : गूळ घातला तरी दूध फाटणार नाही

प्रश्न : पुढच्या महिन्यात मला ६० पूर्ण होतील. केकऐवजी दुबराज तांदळाची गुळाची खीर करावी, असं मनात आहे. पण गूळ घातला की दूध फाटतं. यजमानांना मधुमेह आहे. गूळ चालतो म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, रायपूर

उत्तर : ताई, साठीच्या मनापासून शुभेच्छा! तांदूळ उत्तम निवडलात. नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

दूध फाटतं यात तुमच्या हाताचा दोष नाही. गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि उकळत्या दुधात तो पटकन बाधतो. एक लिटर दुधात भिजवलेले मूठभर तांदूळ मंद आचेवर, बोटाने सहज चेपतील इतके शिजवा. खीर कोमट होऊ द्या. सव्वाशे ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून मिसळा. नंतर उकळू नका. गरमागरम वाढायची असेल, तर साखर घाला.

मधुमेहाला गूळ चालतो, हा मात्र गैरसमज आहे. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि तांदळानेही रक्तातली साखर वाढते. यजमानांना किती खीर चालेल, ते डॉक्टरांना विचारा. औषधाची मात्रा स्वतःहून बदलू नका. त्यांच्यासाठी मुगाचं धिरडं, लाल भाजी, काकडीची कोशिंबीर करा. बाकीच्यांना तिळाच्या फोडणीचा फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) आवडेल.

आणि त्या दिवशी एकटीने राबू नका. भाजी निवडायला घरच्यांना बसवा, औक्षण निवांत करून घ्या.