भिंतीवरची यादी

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचा वर्ग भरला होता. पाट्या निघाल्या. सगळे अक्षरे काढू लागले. पण एक काकू नुसत्याच बसून होत्या.

आम्ही विचारले, "काकू, आज पाटी कोरी का?"

काकू म्हणाल्या, "काय लिहू, बाबा? पोरीची परीक्षा हुकली."

काकूंची मुलगी आठवीत होती. अभ्यासात हुशार. आठवीतल्या मुलांसाठी सरकारची एक शिष्यवृत्ती-परीक्षा असते. तिला 'एन. एम. एम. एस.' असे म्हणतात. तीत निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये मिळतात. म्हणजे वर्षाला १२,०००. चार वर्षांचे ४८,००० रुपये झाले. मजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

गुरुजींनी शाळेत सांगितले होते. मुलीने घरीही सांगितले. पण त्या अर्जाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दाखला एका दिवसात हाती येत नाही. हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. धावपळ करून दाखला आला, तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेली होती.

मागे एक अण्णा बसले होते. ते हळूच म्हणाले, "माझ्या पुतण्याला गेल्या साली हीच मिळाली. दाखला आम्ही जूनमध्येच काढून ठेवला होता."

काकूंनी मान वर केली. "अण्णा, तुमच्या-आमच्यात चार घरं. मग सांगितलं का नाही?"

अण्णा म्हणाले, "वहिनी, तुम्ही विचारलं न्हाई. तुम्हांला पाहिजे होतं, हे मला काय ठाऊक?"

मंडळी, दोघांचेही खरे होते. ज्याला माहीत होते, त्याला कोणी विचारले नाही. जिला पाहिजे होते, तिला कोणाला विचारावे ते कळले नाही. परीक्षेत निवड झाली असती की नसती, ते कोण सांगणार? पण परीक्षेला बसणेच राहून गेले. माहिती गावात होती. ती चार घरे ओलांडून गेली नाही.

चार रकाने

त्या रात्री आम्ही नेहमीचा धडा बाजूस ठेवला. फळ्यावर उभ्या रेघा मारल्या. चार रकाने केले.

पहिला रकाना : काम कोणते?
दुसरा रकाना : कोठे जायचे?
तिसरा रकाना : कागद कोणते लागतात?
चौथा रकाना : केव्हापर्यंत?

मग ज्याला जे माहीत होते, ते त्याने सांगितले. जो सांगेल त्यानेच फळ्यावर लिहायचे, असे ठरले. अण्णा पहिल्यांदा उठले. त्यांनी शिष्यवृत्तीची ओळ लिहिली. काकूंनी ती आपल्या वहीत उतरवून घेतली.

नुसते "शिष्यवृत्तीसाठी शाळेत भेटा" असे लिहिले असते, तर काही उपयोग नव्हता. काकू शाळेत भेटल्याच होत्या. अडले कोठे? कागदापाशी आणि तारखेपाशी. म्हणून तिसरा आणि चौथा रकाना कधीही रिकामा ठेवायचा नाही.

आमच्या यादीतल्या काही ओळी

जन्माची नोंद. मूल घरी झाले तर ग्रामपंचायतीत कळवावे. जन्मापासून २१ दिवसांच्या आत. या मुदतीत नोंदीला पैसे पडत नाहीत. मूल दवाखान्यात झाले तर दाखला कोठून मिळेल, ते घरी येण्याआधीच विचारून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरतात. तेव्हा आळस करू नये.

शाळेत नाव घालणे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला मूल परत पाठवता येत नाही. आधी मूल शाळेत बसवावे, कागद मागाहून द्यावा.

गाव बदलणे. आमच्या वर्गातले काही जण ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर गाव सोडतात, उन्हाळ्यात परततात. पोरांची शाळा मध्येच तुटते. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी नव्या सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हेही त्याच कायद्यात आहे. काही ठिकाणी अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालते. जाण्याआधी गुरुजींना विचारावे.

नवोदय विद्यालय. सहावीपासून राहण्या-जेवणासह शिक्षण मिळते. निदान ७५ टक्के जागा खेड्यांतल्या मुलांसाठी असतात. पण अर्ज मूल पाचवीत असतानाच करावा लागतो. सहावीत गेल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

आठवीची शिष्यवृत्ती. मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवे. घरचे वर्षाचे उत्पन्न ३,५०,००० रुपयांहून जास्त नसावे. सातवीत शंभरात ५५ गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० चालतात. अर्ज शाळेमार्फत जातो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी 'आपले सरकार सेवा केंद्रा'त जावे. दाखला जूनमध्येच काढावा.

अडचणीच्या वेळचे फोन. मूल हरवले, मुलाला मारहाण होते, किंवा बालविवाह ठरतो आहे, तर १०९८. आजारी माणसासाठी गाडी हवी, तर १०८. कोणतेही मोठे संकट आले, तर ११२. हे तीन आकडे आम्ही मोठे लिहिले. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही आकडे ओळखता येतात.

आमची चूक

यादी झाली. सुंदर अक्षरात लिहून ती शाळेच्या भिंतीला लावली. सगळे खूश झाले. पण महिनाभरात एक आजी तणतणत आल्या.

आजींचा नातू जन्मापासून पायाने अधू. त्याला अपंगत्वाचा दाखला काढायचा होता. तपासणीचा वार आम्ही यादीत 'बुधवार' असा लिहिला होता. आजी नातवाला कडेवर घेऊन एस. टी.ने गेल्या. तिथे कळले, वार बदलून चार महिने झाले. भाडे गेले. दिवसाची मजुरी बुडाली. पोर उन्हाने कोमेजले.

आजी म्हणाल्या, "कुणाच्या तोंडचं असतं तर मी एकदा विचारून घेतलं असतं. तुम्ही लिहून लावलं, म्हणून मी खरं मानलं."

आमच्या माना खाली गेल्या. तो वार आम्ही कोणाकडून तरी ऐकला होता. ते सांगणे मागच्या वर्षीचे होते. तिथे जाऊन किंवा फोन करून कोणीच विचारले नव्हते.

बोललेल्या शब्दावर माणूस शंका घेतो. लिहिलेल्या शब्दावर तो विश्वास ठेवतो. म्हणून लिहिणाऱ्यावर जबाबदारी जास्त. त्या दिवसापासून आम्ही तीन नियम केले.

पहिला नियम : स्वतः विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही.

दुसरा नियम : प्रत्येक ओळीखाली दोन गोष्टी लिहायच्या. कोणत्या तारखेला विचारले आणि कोठे विचारले. म्हणजे वाचणाऱ्याला कळते, माहिती ताजी की शिळी.

तिसरा नियम : वर्षातून दोनदा सगळी यादी तपासायची. एकदा जूनमध्ये, शाळा उघडताना. एकदा दिवाळीनंतर. जी ओळ जुनी झाली, ती खोडायची. दया करायची नाही.

आजींच्या नातवाचे काम पुढच्या खेपेस झाले. त्या वेळी आमच्यातला एक जण बरोबर गेला. आमच्या चुकीची एवढी भरपाई तरी करायलाच हवी होती.

यादीत काय लिहू नये?

कोणाचा आधार क्रमांक लिहू नये. बँकेतल्या खात्याचा क्रमांक लिहू नये. कोणाच्या घरी कोणते आजारपण आहे, कोणाचे उत्पन्न किती आहे, हेही भिंतीवर आणू नये. यादीत काम लिहावे, कोणाच्या घरची गोष्ट लिहू नये. कोणाचा खासगी फोन नंबर लिहायचा असेल, तर आधी त्याला विचारावे.

आणखी एक. "पैसे द्या, काम करून देतो," असे म्हणणारा कोणी भेटला, तर थांबा. आधी यादी पाहा. सरकारी काम असेल तर पैसे पडतात का, किती पडतात, आणि पावती मिळते का, हे आम्ही तिसऱ्या रकान्यात लिहितो. मोबाइलवर आलेला गुप्त अंक कोणालाही सांगू नका. कोणी फसवून खात्यातले पैसे काढलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

गुरुजींची यादी

एकदा शाळेतल्या बाई वर्गावर आल्या. भिंतीवरची यादी त्यांनी वाचली. म्हणाल्या, "घरांची यादी झाली. आता शाळेला कोण देईल?"

आम्हांला आधी उमजेना. शाळेला आम्ही काय देणार? आम्ही तर आत्ता बाराखडी शिकतो आहोत!

बाई म्हणाल्या, "पुस्तकात मडक्याचं चित्र आहे. पण चाक फिरताना किती मुलांनी पाहिलंय?"

मग दुसरी यादी झाली. गावात कोणाला काय येते, कोण कधी मोकळा असतो.

कुंभारमामा चाक दाखवतील. पावसाळा सोडून केव्हाही. सुतारदादा मोजपट्टी आणि काटकोन शिकवतील. गणिताच्या तासाला त्याचा उपयोग होईल. तीन आजींना जात्यावरच्या ओव्या येतात. त्या दुपारी मोकळ्या असतात. पोस्टमनदादा मनीऑर्डरचा फॉर्म भरून दाखवतील.

सर्वांत उपयोगी ओळ शेवटी आली. तांड्यावरची मुले पहिलीत येतात, तेव्हा घरी ती बंजारा बोली बोलतात. बाईंचे मराठी त्यांना समजत नाही. मुले गप्प बसतात. लोक म्हणतात, पोर मंद आहे. पोर मंद नसते, भाषा नवी असते. आमच्या वर्गात तांड्यावरची एक ताई येते. ती म्हणाली, "मी आठवड्यातून दोन दिवस पहिलीत बसते. बाई बोलतील, मी आमच्या बोलीत सांगते." तिचे नाव यादीत गेले. पुढे त्या वर्गात मुलांचे तोंड उघडू लागले.

जो माणूस स्वतःला अडाणी म्हणतो, त्याच्याजवळही शाळेला देण्यासारखे काही असते. कोणी विचारीत नाही, म्हणून ते तसेच राहते.

यादी सर्वांपर्यंत कशी जाईल?

भिंतीवर लावली म्हणजे काम संपले, असे नाही. बाया पिठाच्या गिरणीवर भेटतात. गडी दूध घालायला जमतात. रेशनच्या दुकानापाशी सगळेच येतात. तिथेही एकेक प्रत लावावी. बाजारच्या दिवशी एकाने ती मोठ्याने वाचावी. ज्याला वाचता येत नाही, त्याला लाज न वाटता ऐकता यावी.

कोणी मोबाइलवर यादीचा फोटो काढतात. काढू द्यावा. मात्र भिंतीवरची ओळ बदलली, तरी फोटोतली बदलत नाही. म्हणून तारीख फोटोत दिसली पाहिजे.

आता काकूंचे सांगतो. त्यांच्या मुलीला ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. ती परीक्षा आठवीतच देता येते. गेलेली वेळ परत आली नाही. मुलगी शिकते आहे. काकूंना तिच्यासाठी एक शेळी विकावी लागली.

पण पुढच्या जूनमध्ये काकू स्वतः उठल्या. गावात आठवीत गेलेली मुले किती, ते त्यांनी शाळेत विचारले. वही घेऊन त्या घरोघर गेल्या. प्रत्येक घरी बोट ठेवून एकच ओळ वाचून दाखवली : "दाखला जूनमध्येच काढावा." त्या साली एकाही मुलाचा अर्ज कागदावाचून अडला नाही.

अण्णाही त्यांच्याबरोबर होते. ते म्हणाले, "वहिनी, आता कोणी विचारण्याची वाट बघायची न्हाई."

करून पाहा

१. तुमच्या गावात कोणाला काय माहीत आहे? पाच जणांना विचारा.
२. वहीत चार रकाने आखा. एक काम घ्या आणि चारही रकाने भरा.
३. ती माहिती खरी आहे का, ते जाऊन विचारा. खाली तारीख घाला.
४. शाळेला तुम्ही स्वतः काय देऊ शकाल? एक ओळ लिहा.
५. तुमची यादी वाचता न येणाऱ्या एका माणसाला वाचून दाखवा.