स्टेशन सुधारायचे म्हणजे नेमके काय सुधारायचे?



मागच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उठून विचारले, "आपल्या भागातलं स्टेशन सुधारणार म्हणतात. कारखान्यानं त्यात पैसे घालायचे का? आणि घातले तर आमच्या टनामागे किती कापणार?" सभेत हशा झाला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून या अंकाच्या अभ्यासवर्गात आम्ही हाच विषय घेतला आहे. रेल्वेचे स्टेशन व मार्ग यांची सुधारणा कशी ठरते, पैसा कोठून येतो आणि शेतकऱ्याने त्यात कोठे लक्ष घालावे, एवढेच येथे पाहू.

१. इमारत आणि यार्ड

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. गाळप क्षमता वाढवायची म्हणून नवीन मिल बसवली, ऑफिसला रंग दिला, पण गव्हाण तेवढीच ठेवली, वजनकाटा एकच ठेवला आणि यार्डात जागा नाही. मग काय होईल? ऊस यार्डात वाळेल आणि गाडीवान रात्र रात्र ताटकळतील. स्टेशनचेही तसेच आहे. प्रवाशांना नवी इमारत, स्वच्छतागृह, पादचारी पूल हे सर्व हवेच. पण गाड्या किती जातील, माल किती भरता येईल, हे इमारतीवर ठरत नाही. ते ठरते रुळांवर, सिग्नलवर आणि मालधक्क्यावर.

एकेरी मार्ग म्हणजे आपला पाणंद रस्ता. उसाच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला बांधाकडेला उतरावे लागते. रेल्वेत बांधाकडेला उतरता येत नाही, म्हणून एक गाडी स्टेशनात बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर उभी करतात आणि दुसरी गेल्यावर तिला सोडतात. संपूर्ण मालगाडी उभी राहायची तर ही लूप सुमारे ७०० मीटर लांब लागते. लूप आखूड असली तर त्या स्टेशनात मालगाडी थांबवताच येत नाही. म्हणून सुधारणेचा नकाशा हाती आला की पहिल्यांदा इमारतीचे रंगीत चित्र पाहू नका. लूप किती लांब, मालधक्का कोठे, मालधक्क्याला ट्रक जाण्याचा रस्ता किती रुंद, हे पाहा.

२. पूर्वी पैसा कोणी घातला?

आपल्या मुलखात रेल्वेसाठी पैसा उभा करण्याचे तीन-चार प्रकार होऊन गेले. ते समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार संस्थानचा. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग कोल्हापूर दरबारने स्वतःच्या पैशाने बांधवून घेतला. १८८८ साली कामाचा आरंभ झाला आणि १८९१ साली गाडी कोल्हापुरास आली. गाडी आणून दरबार थांबला नाही. १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनालगत शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ तेथून देशावर जाऊ लागला. रूळ आधी, पेठ लगेच मागून. रुळाला माल मिळाला आणि मालाला बाजार मिळाला.

दुसरा प्रकार खासगी कंपनीचा. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये भांडवल उभारलेली कंपनी. १८९७ साली तिने बार्शी गाव मुख्य मार्गाला जोडले. रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे, कारण खर्च कमी ठेवायचा होता. हीच छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर (१९११) आणि मिरजेपर्यंत (१९२७) गेली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. स्वस्तात रूळ झाले खरे, पण माप निराळे पडल्यामुळे कुर्डुवाडीला माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. बांधताना वाचवलेला पैसा पुढे हमालीत, वेळात आणि नासाडीत गेला. हा धडा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

तिसरा प्रकार केंद्र सरकारचा. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ साली मीटरमापीचा रुंदमापी झाला आणि हा ऊसपट्टा एकदम मुंबईशी जोडला गेला. त्याच मार्गाच्या पुणे-मिरज भागाच्या दुहेरीकरणाला २०१५-१६ च्या अंदाजपत्रकात मंजुरी मिळाली. लांबी सुमारे २८० किलोमीटर, अंदाजित खर्च हजारो कोटी रुपये. म्हणजे एका किलोमीटरला कित्येक कोटी. गावात "एक रूळ टाकायला काय लागतंय?" असे कोणी म्हणाले तर हा खर्च सांगावा.

चौथा प्रकार भागीदारीचा. राज्य सरकार निम्मा खर्च उचलते, केंद्र निम्मा. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुढे येते आहे.

३. मंजुरी म्हणजे पैसा नव्हे

वर्तमानपत्रात "रेल्वेमार्गाला मंजुरी" असे आले की फटाके वाजतात. पण मंजुरी ही शिडीची मधली पायरी आहे. पायऱ्या अशा:

(अ) पाहणी. मार्ग कोठून जाईल, माल व प्रवासी किती मिळतील, खर्च किती, याचा अंदाज.
(आ) सविस्तर प्रकल्प अहवाल.
(इ) रेल्वे बोर्ड व निती आयोग यांची तपासणी आणि मोठ्या कामाला केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती.
(ई) दरवर्षीची तरतूद. रेल्वेच्या कामांची यादी ज्या पुस्तकात येते त्याला 'पिंक बुक' म्हणतात. त्यात कित्येक कामांपुढे फक्त एक हजार रुपये लिहिलेले असतात. म्हणजे काम यादीत जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ.
(उ) भूसंपादन, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत असतात. बांधणाऱ्यानेच बांधकाम पास करू नये, हा त्यामागचा हेतू.

आता नगर-बीड-परळी मार्ग पाहा. लांबी २६१ किलोमीटर. १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. पुढे राज्याने निम्मा वाटा उचलण्याचे मान्य केले. दरवर्षी थोडी तरतूद, थोडे भूसंपादन, थोडे काम असे चालले. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत गेली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला पोचली. तोवर अंदाज ४,८०० कोटींच्या घरात गेला होता आणि परळीपर्यंतचा टप्पा बाकी होता. तेरापटीहून अधिक वाढ! यात महागाई आहे, जमिनीचे वाढलेले दर आहेत, हे मान्य. पण ज्या मुलाचे बारसे मंजुरीच्या वर्षी झाले तो तिशीला आला तेव्हा बीडकरांनी आपल्या गावात गाडी पाहिली. विहीर अर्धी खणून सोडली तर खणायचा खर्चही होतो आणि पाणीही मिळत नाही, तसलाच हा प्रकार.

४. आज पैसा कोठून येतो?

१९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे मांडले जाई. २०१७-१८ पासून ते केंद्राच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिळवले गेले. आता रेल्वेच्या भांडवली कामांचा मोठा भाग थेट सरकारी तिजोरीतून येतो. २०२३-२४ साली ही तरतूद २ लाख ४० हजार कोटी रुपयांची होती. दुसरा झरा कर्जाचा. १९८६ साली स्थापन झालेले भारतीय रेल्वे वित्त महामंडळ बाजारातून रोखे काढून पैसा उभा करते. २०१५ साली रेल्वेने आयुर्विमा महामंडळाशी दीड लाख कोटींच्या कर्जाचा करार केला होता, तो याच जातीचा. तिसरा झरा राज्यांच्या वाट्याचा. त्यासाठी महाराष्ट्र सरकार व रेल्वे मंत्रालय यांची निम्म्या-निम्म्या भागाची 'महारेल' ही कंपनी आहे.

सभासदांना हे परके वाटू नये. आपला कारखाना तरी कसा उभा राहिला? सभासदांचे भाग, शासनाचे भागभांडवल आणि वित्तसंस्थेचे कर्ज. तेच तीन पाय येथे आहेत. फरक एकच, की कर्जाचा हप्ता भरायला धंदा लागतो. म्हणून रेल्वे प्रत्येक कामाचा परतावा काढते. पूर्वी वर्षाला १४ टक्के परतावा ही कसोटी असे. मागास भागातील मार्ग या कसोटीला उतरणे कठीण.

पण परताव्याच्या वहीत सगळे बसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकुळ झाले होते, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या वाटेवर पूर्वी अडीच फुटी गाडी धावत होती तिचे रुंदमापीकरण झाले होते, म्हणून ही गाडी थेट जाऊ शकली. त्या रूपांतराचा हिशेब मांडताना 'लातूरचे पाणी' असा रकाना कोणी धरला असेल काय?

स्थानकांसाठी वेगळी 'अमृत भारत' योजना आहे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी तीत ५०८ स्थानकांच्या कामाचा पाया घातला गेला. त्यांत महाराष्ट्रातील ४४ होती. खर्च सुमारे २४,४७० कोटी, म्हणजे सरासरीने स्थानकामागे ४८ कोटी. २२ मे २०२५ रोजी १०३ स्थानके खुली झाली. त्यांत आपल्या ऊसपट्ट्यातले लोणंदही होते. या योजनेचा भर प्रवाशांच्या सोयीवर आहे. मालधक्का हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो.

५. आपला माल किती?

येथे सभेतल्या प्रश्नाकडे येऊ. समजा एक कारखाना रोज ५,००० टन ऊस गाळतो आणि उतारा ११ टक्के आहे. रोजची साखर ५५० टन, म्हणजे ५० किलोची ११,००० पोती. बंद वाघिणींच्या एका पूर्ण गाडीत, ज्याला रेक म्हणतात, अडीच हजार टनांच्या वर माल बसतो. म्हणजे पाच दिवसांचे उत्पादन एका गाडीत जाते. त्याच मालाला २५ टनी ट्रक शंभरावर लागतील.

ऐकायला गोड आहे, पण अडचण पाहा. २०१८ पासून केंद्राने साखर विक्रीला महिन्याचा कोटा लावला. त्यात एकटा कारखाना महिन्याला एखाद-दुसरीच गाडी भरू शकेल, आणि तीही बंगाल-आसामकडचा मोठा खरेदीदार एकाच वेळी मिळाला तर. शिवाय वाघिणी ठरावीक तासांत भरल्या नाहीत तर डॅमरेज बसते. एकट्याचे हे काम नव्हे. शेजारचे तीन-चार कारखाने, खत मागवणारे संघ, कांदा-द्राक्षाचे व्यापारी एकत्र आले तर मालधक्क्याला बारमाही काम मिळेल. डिसेंबर २०२१ पासून रेल्वेने 'गती शक्ती कार्गो टर्मिनल' हे धोरण आणले आहे, त्यात बाहेरच्या संस्थेला स्वतःच्या किंवा रेल्वेच्या जागेवर माल चढ-उताराची सोय बांधता येते. सहकाराने गाळप केले, आता वाहतूकही सहकाराने करायची वेळ आली आहे, असे आम्हाला वाटते.

तेव्हा आमचे उत्तर स्पष्ट आहे. इमारतीसाठी सभासदांच्या टनामागे एक पैसाही कापू नये, ते सरकारचे काम. मालधक्क्यासाठी मात्र आधी सर्व कारखान्यांनी तीन हंगामांचे मालाचे आकडे एकत्र करावेत. हिशेब जमला तरच भांडवलाचा विचार, आणि तोही सभेपुढे आणून.

६. जमीन, फाटक आणि भुयार

मार्ग दुहेरी होताना जमीन लागते. रेल्वे कायद्याप्रमाणे संपादनाची पहिली अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेता येते. पुष्कळांना हे कळते तेव्हा मुदत टळलेली असते. मोबदल्याबाबत २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून रेल्वेलाही लागू आहेत. आपला सातबारा आजच पाहून घ्या. विहीर, झाडे, पाइपलाइन यांची नोंद नसेल तर नंतर तोंडी सांगून भागत नाही. उपसा योजनेची पाइपलाइन रुळाखालून जात असेल, तर नवीन रुळाखाली तिची सोय कोण करणार, हे लेखी विचारा.

दुसरी गोष्ट फाटकाची. फाटके बंद करून उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग करतात. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. आम्ही मात्र एके ठिकाणी पाहिले की भुयार झाले, पहिल्याच पावसात त्यात पाणी तुंबले आणि भरलेली उसाची ट्रॉली वरून घासू लागली. मग पाच किलोमीटरचा वळसा आला. डिझेल कोणाचे? वाहतूकदाराचे, म्हणजे शेवटी ऊसवाल्याचेच. ही चूक नकाशावर असताना एका अर्जाने सुधारली असती. काँक्रीट झाल्यावर मोर्चाने सुधारत नाही.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटातून रेल्वेमार्ग ओलांडणाऱ्या ट्रॉल्या व गाड्या हंगामात रोज किती? चिटबॉयच्या वहीतून आकडा काढा.
२. फाटकाऐवजी भुयार ठरले असल्यास त्याची उंची, रुंदी व पाण्याचा निचरा नकाशात दाखवला आहे काय?
३. जवळच्या स्टेशनात मालधक्का आहे काय? पावसाळ्यात तेथपर्यंत भरलेला ट्रक जातो काय?
४. गटातील कोणाच्या सातबाऱ्यावरील नोंदी अपुऱ्या आहेत?

उत्तरे गट ऑफिसात लेखी द्यावीत. ती एकत्र करून पुढील सभेपुढे ठेवू. रेल्वे आपल्या दारावरून जाणारच आहे. ती शेतावरून नुसतीच निघून जाईल की आपला माल घेऊन जाईल, हे आपण वेळेवर काय विचारतो त्यावर ठरेल.