पहिले महायुद्ध : समेटाशिवाय शांती टिकत नाही



पहिले महायुद्ध (१९१४-१९१८) शाळेत आपण परीक्षेपुरते शिकलो. पण ते आपल्यापासून फार दूर नव्हते. तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे घोडदळ सुएझ कालवा व पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेले होते. त्याच ब्रिगेडमधील जोधपूर व म्हैसूरच्या घोडेस्वारांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी कार्मेल डोंगराच्या पायथ्याचे हैफा शहर जिंकले. एलिया संदेष्ट्याचा हाच तो डोंगर. दिल्लीचे तीन मूर्ती स्मारक या तिन्ही संस्थानांच्या सैनिकांचे आहे.

कारणे : २८ जून १९१४ रोजी सारायेवो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. ती केवळ ठिणगी. कडब्याची गंज आधीच रचलेली होती : वसाहतींची हाव, शस्त्रांची स्पर्धा, राष्ट्राचा अहंकार आणि एकमेकांत गुंतलेले लष्करी करार. दीड महिन्याच्या आत युरोप पेटला. दोन्ही बाजूंचे बहुसंख्य सैनिक ख्रिस्ती होते. एकाच प्रभूकडे दोघेही विजय मागत होते.

परिणाम : सुमारे एक कोटी सैनिक मेले. त्यांत सुमारे ७४ हजार भारतीय होते. १९१८ मध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर इन्फ्ल्यूएन्झाची साथ मुंबईत उतरली. त्याच वर्षी पाऊसही कमी झाला. साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी युद्ध करणाऱ्या राष्ट्रांना पत्र लिहिले. शस्त्रे कमी करा, तंटे लवादाने सोडवा, नुकसानभरपाई एकमेकांना माफ करा, असे त्यांनी सुचवले. कोणी ऐकले नाही. २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर युद्धाचा दोष व जबर दंड लादला. क्षमेवाचून शांती टिकणार नाही, असा इशारा पोपमहाशयांनी १९२० मध्ये पुन्हा दिला. जर्मनीच्या मनातील त्या अपमानाचा पुढे हिटलरने फायदा उठवला आणि १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले.

आपल्या गावातही असेच घडते. बांधाचा वाद कोर्टात जातो, वर्षानुवर्षे तारखा पडतात, शेवटी निकाल लागतो. एक जिंकतो, दुसरा मनात धरून बसतो. भावाभावांत बोलणे नाही, लग्नाची पत्रिका नाही, आणि मुलांच्या वाट्याला तेच वैर येते. निकाल लागला म्हणजे समेट झाला असे नाही. वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४).

मननासाठी :
१. माझ्या घरात कोणते जुने भांडण मिटले असे म्हणतात, पण मिटलेले नाही?
२. पुढच्या रविवारच्या मिस्सापूर्वी मी कोणाच्या दारी जाईन?

हे शांतीच्या राजा, पहिले पाऊल टाकण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.